मामा कोणाला बनवले?

मराठी माणसाला 'मामा' म्हटले की आईचा भाऊ आठवतो. या शब्दाचा दुसरा उपयोगही आपल्याला चांगला ठाऊक आहे. गोड बोलून एखाद्याला फसवले, की आपण म्हणतो, त्याला मामा बनवला. अमेरिकेत 'मामा' म्हणजे आई, आणि रस्त्यावरच्या बोलीत कोणतीही बाई. १९६५ साली तिथे दोन स्त्रिया आणि दोन पुरुष अशा चौघांनी गाणाऱ्यांचा एक संच बांधला आणि त्याचे नाव ठेवले 'द मामाज अँड द पापाज'. मोटारसायकलवरून फिरणाऱ्या 'हेल्स एंजल्स' टोळीचे लोक टीव्हीवर बोलत होते, आमच्या टोळीतल्या बायकांना आम्ही मामा म्हणतो, असे ते म्हणाले आणि कॅस एलियट हिने ते नाव तिथल्या तिथे उचलले, अशी त्या नावाची हकीकत सांगतात.

वाचक मित्रहो, साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गाणाऱ्यांशी आपल्याला काय कर्तव्य, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. मी संगीताचा जाणकार नाही. मी वकील आहे. भागीदारी मोडली की माणसे माझ्याकडे येतात. तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, लिहून काय ठेवले आहे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. साहेब, आम्ही घरच्यासारखे होतो, लिहायचे काय? या चौघांची कारकीर्द वाचताना मला तेच उत्तर पुन्हा पुन्हा ऐकू आले. जगाने ज्यांचा एकजीव आवाज डोक्यावर घेतला, त्यांच्या हिशोबाच्या वहीत मात्र चार समान रकाने कधीच नव्हते. तो हिशोब आज मांडायचा आहे.

साठच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात लोकगीतांची मोठी लाट आली होती. गिटार आणि बँजो घेऊन तरुण मुलेमुली कॉफीच्या दुकानांतून जुनी कष्टकऱ्यांची गाणी आणि युद्धविरोधी गाणी गात. जॉन फिलिप्स हा 'द जर्नीमेन' या त्रिकुटात होता. कॅनडातील हॅलिफॅक्स गावचा डेनी डोहर्टी 'हॅलिफॅक्स थ्री' मध्ये गात होता. बाल्टिमोरच्या ज्यू कुटुंबात १९४१ साली जन्मलेल्या एलन नाओमी कोहेन या मुलीने कॅस एलियट हे नाव घेतले आणि ती 'द बिग थ्री' मध्ये गाऊ लागली. १९६४ साली कॅस आणि डेनी 'मगवम्प्स' या संचात एकत्र आले. तो संच लवकरच फुटला. चौथी मिशेल. ती कॅलिफोर्नियाची. १९६२ च्या अखेरीस जॉनशी तिचे लग्न झाले, तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

त्याच सुमारास लोकगीतांचे वळण बदलत होते. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले. १९६५ च्या जुलैत बॉब डिलन न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला आणि जुने श्रोते खवळले. लोकगीताचे शब्द व चाल आणि त्याला रॉकचे ड्रम व विजेच्या गिटारी, या मिश्रणाला फोक रॉक असे नाव पडले. या चौघांनी त्यात आपली भर घातली ती आवाजांची. आपल्याकडे कोरस म्हटला की सगळे एकाच सुरात गातात. इथे चौघे एकाच वेळी चार वेगवेगळ्या सुरांवर गात आणि ते सूर एकमेकांत असे बसत की चार माणसे वेगळी काढता येत नसत. ध्वनिमुद्रणात तेच चार आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून एकावर एक चढवले जात. सूर अचूक जुळले की जो कोणीच गात नाही असा पाचवा आवाज कानात उमटे. त्या अदृश्य पाचव्याला त्यांनी 'हार्वे' असे नाव दिले होते. चार माणसे पूर्ण बरोबरीने उभी राहिली तरच ऐकू येणारा तो आवाज होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

१९६५ साली जॉन, मिशेल आणि डेनी वेस्ट इंडिजमधल्या व्हर्जिन बेटांवर जाऊन गाण्याचा सराव करीत राहिले. कॅसही तिथे आली. परंतु तिला संचात घ्यायला जॉन तयार नव्हता. कारण काय? जॉनने कारण दिले की तिचा आवाज पुरेसा वर चढत नाही. मग एक नळाची गोष्ट जन्माला आली. बेटावर बांधकाम चालू असताना कॅसच्या डोक्यावर नळ पडला, काही दिवस डोके दुखले आणि त्यानंतर तिचा आवाज वरच्या पट्टीत जाऊ लागला. ही गोष्ट कॅस स्वतः मुलाखतीत हसत सांगे. तिच्या मित्रमंडळींनी पुढे खरे कारण सांगितले. जॉनला ती फार जाड वाटत होती. मंचावर ती शोभणार नाही, असा त्याचा हिशोब होता. म्हणजे ज्या बाईचा आवाज चौघांत सर्वांत ताकदीचा होता, तिला दारात उभे करण्याचे कारण तिचे शरीर होते आणि ते कारण झाकण्यासाठी रचलेली गोष्ट तिलाच जगाला सांगावी लागली. अपमान करणाऱ्याची अब्रू अपमानित माणसानेच सांभाळायची, हा प्रकार आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पैसे संपल्यावर सगळे लॉस एंजेलिसला आले. तिथे बॅरी मॅग्वायर या गायकाने त्यांना डनहिल रेकॉर्ड्सच्या लू ॲडलरकडे नेले. ॲडलरने गाणे ऐकले आणि करार केला. सुरुवातीचे काम होते मॅग्वायरच्या मागे उभे राहून साथ करण्याचे. त्यात 'कॅलिफोर्निया ड्रीमिन' हे गाणे होते. ते जॉन आणि मिशेल यांनी १९६३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये लिहिले होते. मिशेलला थंडी सोसवत नव्हती, कॅलिफोर्नियाचे ऊन आठवत होते आणि जॉनने तिला मध्यरात्री उठवून गाणे पुरे करायला बसवले होते. गाणे प्रथम मॅग्वायरच्या मुख्य आवाजात मुद्रित झाले. मग ते या चौघांच्याच नावाने काढायचे ठरले. मॅग्वायरचा आवाज त्या फितीवरून पुसला आणि त्या जागी डेनीचा आवाज भरला. मधला हार्मोनिका काढून बड शँक या जॅझ वादकाची बासरी घातली. पुसणे पुरते साधले नाही. गाण्याच्या आरंभी एका बाजूच्या स्पीकरमध्ये मॅग्वायरच्या आवाजाची खूण आजही ऐकू येते.

माझ्यातल्या वकिलाला इथे एक गोष्ट दिसली. गाणाऱ्याचा आवाज पुसता येतो. गीतकाराचे नाव पुसता येत नाही, कारण ते नोंदलेले असते.

गाणे डिसेंबर १९६५ मध्ये बाजारात आले आणि १९६६ मध्ये बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. पाठोपाठ 'मंडे, मंडे' आले. मे १९६६ मध्ये ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पहिला अल्बमही पहिल्या क्रमांकावर गेला. १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत त्यांची सहा गाणी बिलबोर्डच्या पहिल्या पाचांत आली. इतक्या थोड्या काळात एवढे यश फार थोड्यांना मिळते.

आता त्या सहा गाण्यांच्या तबकडीवरचा मधला गोल कागद वाचू. 'मंडे, मंडे' आणि 'वर्ड्स ऑफ लव्ह' ही जॉनची. 'कॅलिफोर्निया ड्रीमिन' आणि 'क्रीक ॲली' ही जॉन व मिशेलची. 'आय सॉ हर अगेन' हे जॉन आणि डेनीचे. सहावे 'डेडिकेटेड टू द वन आय लव्ह' हे त्यांचे नव्हतेच. ते 'फाइव्ह रॉयल्स' या कृष्णवर्णीय संचाने पन्नासच्या दशकात गायिले होते आणि १९६१ साली 'शिरेल्स' या कृष्णवर्णीय मुलींच्या संचाने ते तिसऱ्या क्रमांकावर नेले होते. त्या कागदावर लोमन पॉलिंग या गिटारवादकाबरोबर निर्माते राल्फ बास यांचेही नाव आहे. सहाही कागद वाचून झाले, कॅसचे नाव एकाही गाण्याच्या गीतकारांत नाही.

यामुळे काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते पैशात. अमेरिकेतील साध्या रेडिओवर गाणे वाजले की गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांना मोबदला मिळतो. ज्याच्या आवाजामुळे आपण रेडिओ लावतो, त्या गायकाला त्यातून काहीही मिळत नाही. तो कायदा आजही तसाच आहे. गायकाला तबकडीच्या विक्रीत करारात ठरलेला वाटा मिळतो आणि मंचावर गायिला तर बिदागी मिळते. विक्री थांबली, गळा थकला, की उत्पन्न थांबले. लेखणीचे उत्पन्न मात्र मेल्यानंतरही वारसांना चालू राहते. चौघे एका मायक्रोफोनभोवती बरोबरीने उभे होते. पण जॉनच्या हाती लेखणी होती, चाली त्याच्या होत्या, कोणी कोणता सूर घ्यायचा हे तो ठरवीत होता. त्याची बुद्धी मोठी होती यात शंका नाही. परंतु एकाची बुद्धी आणि तिघांचे गळे यांचे मोल कसे करायचे, हे आधी बसून ठरवायला हवे होते. ते घरच्यासारखे होते. ठरवायचे काय?

घरच्यासारखे असण्याचा अर्थ जून १९६६ मध्ये कळला. मिशेलचे डेनीशी संबंध जुळले होते. जॉनने त्या दुःखावर डेनीबरोबर बसून 'आय सॉ हर अगेन' लिहिले आणि डेनीलाच ते गायला लावले. घरातील भांडणाचेही गाणे झाले, त्याचाही पैसा झाला. पुढे मिशेलचे नाव 'बर्ड्स' या संचातील जीन क्लार्कशी जोडले गेले, तेव्हा उरलेल्या तिघांनी सह्या करून तिला लेखी पत्र दिले की यापुढे तुझ्याबरोबर आम्हाला गायचे नाही. तिच्या जागी जिल गिब्सन हिला आणले. तिने दुसऱ्या अल्बमसाठी आवाज दिला, मंचावर काम केले आणि दोनतीन महिन्यांत मिशेल परत आल्यावर तिला जावे लागले. पुरुषाला शिक्षा नाही. डेनी जागच्या जागी राहिला. पत्र निघाले ते बाईच्या नावे, आणि तिच्या जागी आणलेली दुसरी बाईही वापरून परत पाठवली गेली. तरीही मिशेलजवळ एक आधार होता. 'कॅलिफोर्निया ड्रीमिन' वर तिचे नाव होते. संचातून काढता येते, त्या कागदावरून काढता येत नाही.

१९६७ च्या जूनमध्ये १६ ते १८ या तारखांना कॅलिफोर्नियात मॉन्टेरे येथे भव्य संगीत महोत्सव झाला. त्याच्या आयोजनात जॉन आणि लू ॲडलर पुढे होते. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, ओटिस रेडिंग यांची नावे तिथून घरोघरी गेली. कलावंत विनामूल्य गायिले. अपवाद एक, आपले पंडित रविशंकर. त्यांनी मानधन घेतले आणि रविवारी दुपारी सतार वाजवून ती जनता जिंकली. मला यात काही खटकत नाही. उलट, उत्सवाच्या धुंदीत सगळे भारावलेले असताना आपल्या कामाचे दाम आधी ठरवून घेणारा कलावंत मला शहाणा वाटतो. महोत्सवाचा समारोप 'मामाज अँड पापाज' यांनी केला, पण तालीम अपुरी होती. संच आतून पोखरत चालला होता.

त्याच ऑक्टोबरात ते इंग्लंडला गेले. बोटीतून उतरताच कॅसला अटक झाली. आधीच्या भेटीत हॉटेलातील चादरी-ब्लँकेटे नेल्याचा तिच्यावर आरोप होता. दुसऱ्या दिवशी कोर्टात तो टिकला नाही आणि ती सुटली. नंतर एका मेजवानीत कॅस ही हकीकत सांगत असताना जॉनने चारचौघांत तिला तोडले, की असे काही झालेच नाही, ही चुकीचे सांगते आहे. कॅस ओरडून तिथून निघून गेली. लंडनचा मोठा कार्यक्रम रद्द झाला. वाचकहो, अटक तिची, रात्र कोठडीत काढली तिने, आणि हकीकत कोणती खरी ते ठरवणार तो. भागीदारी मोडते ती पैशामुळे असे लोक समजतात. माझा अनुभव असा की ती आधी अशाच एखाद्या मेजवानीत मोडते, पैशाचा वाद नंतर येतो.

कॅसच्या शरीरावरचे विनोद तर संचाच्या गाण्यातच शिरले होते. 'क्रीक ॲली' मध्ये चौघांच्या फाकेमस्तीच्या दिवसांची हकीकत आहे आणि तिचे पालुपद कॅसच्या जाडीवर आहे. ते गाणे पाचव्या क्रमांकावर गेले. तिने स्वतः ते गायिले, हसत गायिले. ऑक्टोबर १९६८ मध्ये लास वेगासला तिचा एकटीचा कार्यक्रम ठरला. त्याआधी तिने महिनोन् महिने उपाशी राहून वजन उतरवले. शरीर खचले, गळा बसला, पहिल्याच रात्री कार्यक्रम कोसळला आणि बंद पडला. वर्षानुवर्षे हसून सोसलेल्या विनोदाची किंमत ती होती.

तोवर संच संपला होता. १९६८ च्या 'ड्रीम अ लिटल ड्रीम ऑफ मी' या १९३१ सालच्या जुन्या गाण्यावर कंपनीने कॅसचे नाव वेगळे आणि पुढे छापले. ती आपल्या वाटेने निघाली. पण कराराने कोणाला सोडले नाही. कंपनीने दाखवून दिले की करारानुसार अजून एक अल्बम बाकी आहे, तो दिला नाही तर दावा लावू. तेव्हा १९७१ मध्ये 'पीपल लाइक अस' निघाला. चौघे एकत्र असे फारसे जमलेच नाहीत, बरेचसे आवाज वेगवेगळे मुद्रित करून जोडले गेले. चार सूर तेच होते, हार्वे मात्र आला नाही. आपसात काय ठरले ते कोणी लिहिले नव्हते, कंपनीशी काय ठरले ते मात्र कंपनीने पक्के लिहून ठेवले होते. मामा कोणाला बनवले, याचे उत्तर वाचकांनी इथेच शोधावे.

जुलै १९७४ मध्ये कॅस लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात दोन आठवडे गायिली. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. २९ जुलैला ती झोपेतच वारली. वय ३२. शवविच्छेदनात हृदय बंद पडल्याचे स्पष्ट झाले, श्वासनलिकेत अन्नाचा कण नव्हता. परंतु सँडविच घशात अडकून ती मेली, ही अफवा जगभर पसरली. हॉलिवूडच्या पत्रकार स्यू कॅमेरॉन यांनी पुढे सांगितले की ती बातमी त्यांनी कॅसच्या व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून दिली होती. जाड बाई आहे, खाताना मेली, असे सांगितले की कोणी पुरावा मागत नाही. पूर्वग्रह हाच पुरावा ठरतो. तिची सात वर्षांची मुलगी ओवेन हा विनोद ऐकत मोठी झाली. २०२४ मध्ये तिने आईवर पुस्तक लिहिले आणि त्या खोट्याचा जाहीर समाचार घेतला. त्यासाठी पन्नास वर्षे लागली.

जॉनविषयीही सांगितले पाहिजे. तो अमली पदार्थांत बुडाला, १९८० साली त्याला अटक झाली आणि गुन्हा कबूल करून त्याने थोडी शिक्षा भोगली. २००१ मध्ये तो वारला. २००९ साली त्याची मुलगी मॅकेन्झी हिने आत्मचरित्रात वडिलांवर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. घरातील काहींनी तिच्यावर विश्वास ठेवला, काहींनी ठेवला नाही. आरोपी हयात नसल्याने तो कोर्टात तपासला गेला नाही. मी निकाल देणार नाही. एवढेच म्हणेन की सुरेल माणसाचे घर सुरेलच असेल हे गृहीत धरू नये, आणि बोलणाऱ्या मुलीचे म्हणणे चाल चांगली होती म्हणून दाबू नये.

२००७ मध्ये डेनीही गेला. चौघांतली मिशेल एकटी मागे राहिली. इंटरनेटवर गाणी वाजू लागल्यावर अमेरिकेत गायकांना डिजिटल मोबदल्याचा हक्क १९९५ च्या कायद्याने मिळाला होता. पण १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीची मुद्रणे केंद्रीय कॉपीराईटच्या बाहेर होती. या संचाचे एकूण एक गाणे त्या तारखेच्या आधीचे. ही त्रुटी २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्टने दूर केली. त्या व्यवस्थेत पन्नास टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, पंचेचाळीस टक्के मुख्य गायकांना आणि पाच टक्के मागे वाजवणाऱ्या व गाणाऱ्या कलावंतांना मिळतात. म्हणजे गळ्याला कायद्याने दाम मिळाले, तेव्हा चारपैकी तीन गळे मातीत गेले होते. आपल्याकडेही २०१२ च्या दुरुस्तीने गायक-वादकाला त्याच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरात रॉयल्टीचा हक्क मिळाला आहे. आपल्या किती गायकांना तो ठाऊक आहे?

कॅसने १९६९ साली एकटीने गायिलेले 'मेक युअर ओन काइंड ऑफ म्युझिक' हे गाणे बॅरी मान आणि सिंथिया वेल यांचे. तेव्हा ते फार वर चढले नाही. पुढे 'लॉस्ट' या मालिकेतून आणि अलीकडे मोबाईलवरच्या छोट्या चित्रफितींतून ते नव्या मुलांपर्यंत पोहोचले. २०२२ मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर तिच्या नावाचा तारा बसवला गेला. आवाजाला न्याय मिळाला. बाईला मात्र जिवंतपणी मिळाला नाही.

म्हणून गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, मिळून काही उभे करणाऱ्या प्रत्येक तरुणाला माझे सांगणे आहे. पहिल्या तालमीच्या दिवशीच कागद घ्या. कोणाचे शब्द, कोणाची चाल, कोणाचा गळा आणि कोणाचा किती वाटा, ते लिहा. सही करण्यापूर्वी वाचा, कळले नाही तर विचारा. लिहिल्याने मैत्री तुटत नाही, न लिहिल्याने तुटलेली मी रोज पाहतो. आणि आपल्यातील कोणाच्या अंगावर, रंगावर, रूपावर सगळे हसत असतील, तर ती व्यक्तीही हसते आहे एवढ्यावर समाधान मानू नका. कॅसही हसत होती.